ठिपके गेले तेव्हा

१९ जानेवारीच्या रात्री साडेआठला काकूंचा फोन आला. "अरे, बरे झालेले मासे परत आजारी पडले. मोठा एंजल नुसता वर येऊन तोंड उघडतोय. येतोस का?"

मी राहतो नाशकात गंगापूर रोडला, त्या पंचवटीत, हिरावाडीकडे. गंगेवरचा, म्हणजे गोदावरीवरचा, पूल ओलांडताना स्कूटरच्या हँडलवर बोटं आखडली होती. डोक्यात त्यांचा एकच शब्द घोळत होता. बरे झालेले. बरे झाले हे ठरवलं कुणी, आणि कशावरून?

काका-काकू म्हणजे माझ्या मित्राचे आई-वडील. मित्राची पुण्याला बदली झाली तेव्हा सगळं सामान टेंपोत गेलं आणि माशांचा टँक मागे राहिला. तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच. दुकानात याला नुसतं "तीन फुटी" म्हणतात आणि औषधाचा डोसही त्याच मापाने सांगतात, त्यामुळे आत खरं पाणी किती हे कुणी मोजत नाही. साडेचार घनफूट म्हणजे १२७ लिटर. तळाची खडी आणि वरची रिकामी चार बोटं वजा केली की शंभराच्या आसपास उरतात. पुढचं सगळं गणित मी १०० लिटर धरूनच केलं.

आत दोन एंजल होते, एक तीन वर्षांचा आणि एक लहान. तळाशी चार कोरी, म्हणजे छोटे कॅटफिश. आणि ५ जानेवारीच्या रविवारी गावातल्या एका दुकानातून आणलेले सहा निऑन टेट्रा. (एंजल मोठा झाला की निऑन गिळतो. काकूंना ते कुणी सांगितलं नव्हतं. पण तो विषय वेगळा.) निऑन १८० रुपयांचे. पिशवी पंधरा मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवून मग पिशवीतल्या पाण्यासकट आत ओतले. आपल्याकडे दहातले नऊ जण असंच करतात, मीही बरीच वर्षं केलं आहे.

मी पोचलो तेव्हा एक निऑन तळाशी आडवा पडला होता, दोन आदल्या दिवशीच गेले होते. उरलेले तीन पर मिटून, अंग चोरून कोपऱ्यात. मोठा एंजल पृष्ठभागाशी, कल्ले इतके जोरात हलत होते की मोजले: मिनिटाला १३० वेळा. हॉलचा दिवा घालवला आणि टॉर्च तिरपा धरला. अंगावर, परांवर पांढरे दाणे, रव्याच्या कणांसारखे, वेगवेगळे आणि उठून दिसणारे. हे टॉर्चचं करावंच लागतं, कारण दुसरा एक रोग आहे ज्यात अंगावर हळदीची चिमूट भुरभुरल्यासारखी सोनेरी झाक दिसते. तो वेगळा परजीवी, त्याचं वागणं वेगळं. फुलकोबीसारखी एखाददुसरी गाठ असेल तर तो विषाणू, आणि त्याला औषध घालण्यात अर्थ नसतो. इथे शंका नव्हती. रवाच होता. व्हाइट स्पॉट. हौशी लोक नुसतं "इक" म्हणतात.

पण मिनिटाला १३० श्वास आणि पाण्याला आलेला एक उग्र वास मला ठिपक्यांपेक्षा जास्त खटकला. पिशवीतून टेस्ट किट काढलं. अमोनिया लिटरला १ मिलीग्रॅम. नायट्राइट अर्धा. पीएच ७.८. तापमान २४. तीन वर्षं चाललेल्या टँकमध्ये पहिले दोन आकडे शून्य असायला हवेत.

"पाण्याचं काय केलंत?" मी विचारलं. काका आणि काकू एकमेकांकडे बघायला लागले.

कालनिर्णयावरून लावलेला माग

रुग्णाचा इतिहास विचारला की लोक आठवेल तसं सांगतात, तारखा मागे-पुढे होतात. इथे नशीब चांगलं होतं. काकू भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाचा हिशोब लिहितात, गॅस कधी लागला ते लिहितात, आणि चौकटीत जागा उरली तर बाकीचंही. आम्ही ते खिळ्यावरून उतरवून डायनिंग टेबलवर पसरलं.

५: "मासे ६." ८: "लाइट रात्रभर नाही." त्या आठवड्यात रोज पेपरात निफाडचा पारा छापून येत होता. जिल्ह्यात थंडीचा आकडा म्हटला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचाच. नाशकात त्याहून थोडं बरं, पण तळमजल्यावरचा उत्तरेकडे खिडकी असलेला हॉल रात्री १५-१६ पर्यंत उतरतोच. हीटर आठ तास बंद. ९ तारखेला सकाळी काकांनी पाहिलं तेव्हा थर्मामीटरच्या काट्यावर २१ होतं. २५ वरून २१, एका रात्रीत. रोग या थंडीने झाला नाही, तो निऑनबरोबर पिशवीतून आला होता. पण थंडीत माशाची प्रतिकारशक्ती ढिली पडते आणि आलेल्या पाहुण्याला घर मोकळं मिळतं.

१२: काही लिहिलेलं नाही, पण काकूंना आठवत होतं. दोन निऑन खडीवर अंग घासत होते. त्यांना वाटलं खेळतायत. संध्याकाळी ठिपके दिसले. १३ ला काका दुकानात जाऊन निळं औषध घेऊन आले. मिथिलीन ब्ल्यू. दोन झाकणं टाका, दुकानदार म्हणाला. शिवाय फिल्टर बंद ठेवा, नाहीतर औषध खेचून घेईल.

१५ तारखेची चौकट मला अजून डोळ्यासमोर दिसते. संक्रांतीचा दुसरा दिवस. काकूंनी लिहिलं होतं: "मासे बरे. ठिपके गेले." त्या आनंदात त्याच दुपारी दोघांनी मिळून टँकची "दिवाळी" केली. सगळं पाणी काढलं, खडी बादलीत घालून चोळून धुतली, फिल्टरचा स्पंज नळाखाली तो पांढरा होईस्तोवर पिळला, ताजं पाणी भरलं. मुलाला पुण्याला फोटो पाठवला. काच लखलखीत, मासे स्वच्छ. त्यानेही अंगठा पाठवला.

१८: "परत."

परजीवीचं वेळापत्रक

या जिवाचं शास्त्रीय नाव इक्थायोफ्थिरियस मल्टिफिलिस. फूके नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १८७६ मध्ये त्याचं वर्णन केलं. नावाचा अर्थ लावला तर "पुष्कळ लेकरांची माशांची ऊ". ऊ नाही ती, एकपेशीय प्राणी आहे, पण लेकरांची गोष्ट शंभर टक्के खरी.

आपल्याला अंगावर दिसतो तो ठिपका म्हणजे कातडीच्या आत शिरून माशावर पोसत असलेला परजीवी. वर माशाच्याच कातडीचा पापुद्रा असतो, म्हणून पाण्यात टाकलेलं औषध त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तो खाऊन-पिऊन मोठा होतो, मिलीमीटरभराचा होत आला की स्वतःहून गळून पडतो, खडीत किंवा काचेला चिकटतो, भोवती आवरण करतो आणि आत विभागत सुटतो. एकातून शेकडो, कधी हजाराच्या आसपास पिल्लं. आवरण फोडून ती पाण्यात पोहत बाहेर येतात आणि मासा शोधतात. दिवस-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषध, मीठ, जे काही घालाल ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर चालतं. बाकी दोन्ही अवस्थांना तुमच्या औषधाचा पत्ताही लागत नाही.

या सगळ्या फेऱ्याला लागणारा वेळ पाण्याच्या तापमानावर ठरतो. २४-२५ अंशांना साधारण आठवडाभराच्या आत चक्र पुरं होतं. १० अंशांना महिनाभराहून जास्त.

म्हणजे १५ तारखेला ठिपके गेले, ते औषधाने गेले नव्हते. त्यांचं पोट भरलं म्हणून ते उतरून खडीत गेले होते. औषधाचं खरं काम ज्या घटकेला सुरू व्हायचं, त्याच घटकेला औषध थांबलं. खडी धुतली त्यात काही आवरणं गेली असतीलच, पण काचेला, फिल्टरच्या नळीला, प्लास्टिकच्या झाडांना चिकटलेली राहिली. तीन दिवसांनी एकेका ठिपक्याची शेकडो लेकरं परत आली.

मी हे कागदावर गोल काढून समजावत होतो. काका चष्मा लावून वाकून बघत होते. काकूंनी मधेच हात वर केला.

"म्हणजे भुरीसारखं."

काकूंचं माहेर निफाडकडचं, भावाची द्राक्षबाग आहे. भुरी आणि डाऊनी हे द्राक्षावरचे रोग. "पानावर भुरी दिसली तेव्हा फवारायला धावतो तो माणूस बाग घालवतो. माझा भाऊ हवामान बघतो, दिवस मोजतो आणि पान हिरवंगार असताना फवारतो. आणि पावसाळी हवेत डाऊनीचंही तेच." मग जरा थांबून म्हणाल्या, "आम्ही पान हिरवं दिसलं आणि पंप धुऊन ठेवला."

आजवर वीसेक जणांना मी हे चक्र समजावलं असेन, इतक्या कमी शब्दांत कुणी उलट सांगितलं नव्हतं. त्या रात्रीपासून काकूंना मला काही पटवावं लागलं नाही. काकांना मात्र लागलं.

आधी काय?

इथे खरा पेच होता. समोर दोन आजार होते आणि एकाचा उपाय दुसऱ्याला मारक होता.

व्हाइट स्पॉटवर हौशी लोकांचा हुकमी इलाज म्हणजे उष्णता. पाणी हळूहळू ३० अंशांपर्यंत नेलं की चक्र भराभर फिरतं, पिल्लं लवकर बाहेर पडतात, आणि त्या तापमानाला या परजीवीच्या बहुतेक वाणांची वाढ खुंटते. पण टँकमध्ये अमोनिया होता. फिल्टर दोन दिवस बंद, मिथिलीन ब्ल्यूचा मारा, वर स्पंजला नळाच्या क्लोरीनची आंघोळ. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू मुख्यतः त्या स्पंजमध्ये राहतात. गंगापूर धरणाचं पाणी आपल्यासाठी क्लोरीन घालून शुद्ध करतात, तेच क्लोरीन या जिवाणूंचाही निकाल लावतं. लखलखीत टँक खरं तर मेलेला टँक होता.

आणि अमोनियाचा विषारी भाग तापमानाबरोबर वाढतो. पीएच ८ असेल तर २५ अंशांना एकूण अमोनियातला ५.४ टक्के विषारी रूपात असतो, ३० अंशांना ७.५ टक्के. त्यात गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो: समुद्रसपाटीला २५ अंशांवर लिटरला ८.३ मिलीग्रॅम, ३० वर ७.६. नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास वर, म्हणजे त्यातूनही सुमारे ७ टक्के वजा. कल्ल्यांत परजीवी भरलेला मासा त्या रात्री गरम पाण्यात टाकणं म्हणजे दम्याच्या माणसाला जिना चढायला लावणं.

म्हणून पहिली रात्र आणि दुसरा दिवस फक्त पाण्यासाठी. हीटरला हात लावायचा नाही.

चाळीस टक्के पाणी बदललं. नळाचं पाणी १७ अंशांचं, ते तसंच घातलं तर टँक एकदम तीन अंशांनी खाली आला असता. काकू उत्साहाने मागच्या बाल्कनीतला बंब पेटवायला निघाल्या. तांब्याचा बंब. त्यांना थांबवलं, कारण तांबं माशांना फार कमी प्रमाणातही बाधतं. स्टीलच्या पातेल्यात गॅसवर पाणी तापवून बादलीत मिसळलं, क्लोरीन मारायचे थेंब टाकले, काटा लावून २४ झालं की मगच ओतलं. फिल्टर चालू. पेटीत पडून असलेला एअर पंप काढून दगड सोडला, बुडबुड्यांनी वरचं पाणी खळबळलं पाहिजे म्हणून. खाणं बंद. उपाशी मासा दोन दिवसांत मरत नाही, पण न खाल्लेल्या दाण्याचा अमोनिया होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या घरच्या टँकमधला एक जुना मळका स्पंज ओल्या पिशवीत घालून नेला आणि त्यांच्या फिल्टरमध्ये कोंबला. काकांना हे किळसवाणं वाटलं. "धुऊन तरी घाल." मी म्हटलं, काका, धुतला तर नेण्यात काय अर्थ? तो मळ नाही, वस्ती आहे. तो स्पंज मी परत आणला नाही, आणि त्यांच्या पाण्यात हात घातल्यावर घरी साबणाने धुऊन, कोरडे पुसल्याशिवाय माझ्या टँकला हात लावला नाही. ओल्या हातावरून, जाळीवरून हा परजीवी सहज घर बदलतो.

मीठ

दुकानात मॅलाकाइट ग्रीन मिळतं, हिरवं औषध. परिणामकारक आहे, पण नुकत्या रुजणाऱ्या जिवाणूंच्या अंगावर आणखी एक रसायन नको होतं. कोरी कॅटफिशलाही ते जपूनच द्यावं लागतं. शिवाय ते उघड्या हातांनी हाताळायचं औषध नाही, आणि काका कशालाच हातमोजे घालत नाहीत.

मिठाचा एक गुण इथे कामी आला. नायट्राइट कल्ल्यांमधून रक्तात शिरतं आणि रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही, रक्त तपकिरी पडतं. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांच्या त्याच दारातून आत जातं. क्लोराइड पुरेसं असलं की नायट्राइटला शिरायला वाव राहत नाही. म्हणजे एकच मीठ दोन्ही आजारांवर.

लिटरला २ ग्रॅम ठरवलं, म्हणजे २०० ग्रॅम, साधं खडे मीठ. कोरींना मीठ फारसं सोसत नाही म्हणून एकदम नाही: २० तारखेला १००, मग ५०, मग ५०, दर वेळी आधी तांब्याभर पाण्यात विरघळवून. काकू म्हणाल्या, वजनकाट्याची काय गरज, मला मुठीचा अंदाज आहे. मूठ मोजली, ३८ ग्रॅम. पुन्हा मोजली, ५२. मग काटा आला. पुढे रोज २५ लिटर पाणी बदलताना फक्त गेलेल्या पाण्याचं मीठ परत घालायचं, ५० ग्रॅम. मीठ उडून जात नाही. पाणी आटलं म्हणून भर घालताना मीठ घातलं तर ते साचत जातं, ही चूक फार जण करतात.

सायफनची नळी खडीत खुपसून तळाचा गाळ रोज ओढायचा, कारण आवरणं तिथेच असतात. पहिल्या दिवशी काकूंनी ती बादली नेऊन तुळशीत ओतली. टँकच्या पाण्याने झाडं छान येतात हे त्यांना मुलाने सांगितलेलं. लिटरला २ ग्रॅम मिठाचं पाणी रोज घातलं असतं तर तुळस गेली असती. दुसऱ्या दिवसापासून बादली मोरीत.

माझ्या दोन चुका

२१ च्या सकाळी अमोनिया पाव मिलीग्रॅमवर आला आणि मोठ्या एंजलचे श्वास ९५ वर. चौथा निऑन त्याच दिवशी गेला. संध्याकाळपासून तापमान हळूहळू वाढवायला घेतलं. निऑन आणि कोरी दोन्ही जरा कमी तापमानाला रमणारे, ३० त्यांच्या सोयीचं नाही. पण थोडे दिवस सोसतात आणि दुसरा टँक हाताशी नव्हता.

२३ ला काकांचा निरोप आला: "३० वर आहे." मी निश्चिंत. २४ च्या संध्याकाळी गेलो आणि काचेवरच्या काट्यात पाहिलं तर २७. काका हीटरच्या डायलवरचा आकडा वाचत होते. त्यांची चूक नाही, मी "तापमान कळवा" म्हटलं होतं, काटा बघा असं म्हटलं नव्हतं. हीटर १०० वॉटचा. त्या आकाराची उघडी काचेची पेटी बाहेरच्या खोलीपेक्षा फारतर बारा अंश वर नेण्याची त्याची ताकद. खोली १५ ला असली की २७ वर येऊन तो रात्रंदिवस जळत राहतो आणि पुढे सरकत नाही. उन्हाळ्यात हाच हीटर नीट काम करत होता, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

दोन दिवस फुकट गेले. १५० वॉटचा दुसरा हीटर आणला, ६५० रुपये. टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल कापून मागे आणि दोन्ही बाजूंना चिकटपट्टीने लावलं, रात्री पुढून गोधडी. वर मात्र झाकायचं नाही, हवा लागते. काकूंनी भावाला फोन करून हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला म्हणे, आम्ही बागेत शेकोट्या पेटवतोय आणि तू माशांना गोधडी घालतेस. २५ ला दुपारी काटा ३० वर आला.

दुसरी चूक त्याच रात्रीची. एअर पंप घूं घूं करतो. हॉलला लागून काकांची झोपायची खोली. १९ पासून पाच-सहा रात्री त्यांनी तो आवाज सहन केला. २५ ला मासे बरे दिसत होते, ठिपके जवळपास नव्हते, म्हणून अकरा वाजता त्यांनी पंप बंद केला. सकाळी उठून लावू. लहान एंजल सकाळी गेला होता.

त्यांनी मला फोनवर सांगितलं नाही, मी गेल्यावर सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता. मी एअर पंप लावा म्हटलं होतं. तापमान वाढेल तसा तो जास्त गरजेचा होत जाईल, ३० अंशांना तर माशाचा श्वासच त्यावर आहे, हे म्हटलं नव्हतं. काका बँकेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस. कारण कळलं असतं तर त्यांनी कानात कापूस घातला असता, पंपाला हात लावला नसता. पुढच्या रात्रीपासून त्यांनी पंपाखाली जुन्या स्लीपरचा तुकडा ठेवला. आवाज निम्म्यावर आला. हे मला दहा वर्षांत सुचलं नव्हतं.

खरं सांगायचं तर लहान एंजल पंपामुळेच गेला हे छातीठोक सांगता येणार नाही. कल्ल्यांत आधीचं नुकसान असणारच, आणि ठिपके दिसत नसले तरी आत काय उरलंय ते बाहेरून दिसत नाही. पण त्या रात्री बदललेली गोष्ट तेवढी एकच होती.

शेवटचे दहा दिवस

या दिवसांत सांगण्यासारखं फार काही घडलं नाही आणि तेच हवं होतं. शेवटचा ठिपका २७ ला दिसला, मोठ्या एंजलच्या खालच्या लांब पराच्या टोकाला. अमोनिया आणि नायट्राइट २९ पासून शून्य. मोठा एंजल खायला लागला, दोन निऑन आणि चारही कोरी हिंडायला लागले. मासे बघायला आलेल्या शेजारणी म्हणाल्या, झालं की आता, काढा ती गोधडी.

२७ नंतर दहा दिवस, एकही ठिपका नसताना, तापमान ३०, मीठ पूर्ण, सायफन रोज. ३० अंशांना चक्र इतकं लांबत नाही, चार-पाच दिवसांतही भागतं. पण मधे दोन दिवस कमी तापमानात गेलेले, आणि पराच्या घडीत किंवा कल्ल्याच्या आत ठिपका असला तर तो दिसत नाही. म्हणून दुप्पट. काकांनी दोनदा विचारलं, विजेचं बिल किती येईल. काकूंनीच उत्तर दिलं, फवारणी अर्ध्यावर सोडलेल्या बागेपेक्षा कमी.

वाचलेल्या माशांना या परजीवीविरुद्ध काही काळ बऱ्यापैकी प्रतिकारशक्ती राहते. ते चांगलं आहे आणि घातकही: तोच मासा ठणठणीत दिसत असताना थोडाफार परजीवी अंगावर बाळगू शकतो आणि नव्या पाहुण्याला देऊ शकतो. दुकानातले ते सहा निऑन आणताना ठणठणीतच दिसले होते. काकूंनी आता माळ्यावरून वीस लिटरचा प्लास्टिकचा टब काढून ठेवलाय, त्यात छोटा स्पंज फिल्टर आणि ५० वॉटचा हीटर. पुढचे मासे तीन आठवडे त्यात, मग इकडे. इकडच्या फिल्टरचा अर्धा स्पंज तिकडे कायम. काकांनी टबावर चिकटपट्टी लावून लिहिलंय, "दवाखाना".

मोठ्या एंजलचा वरचा पर मधे फाटला होता, तो भरून आला पण कड वाकडीच राहिली. मुलाने फोटो पाहून लगेच ओळखलं नाही.

६ फेब्रुवारीला मी गेलो नाही. काकूंनी फोटो पाठवला, टँकचा नाही, कालनिर्णयाचा. दूध दीड लिटर, पेपरवाला द्यायचा, आणि खाली बारीक अक्षरात: "मीठ बंद. २५ लि. पाणी साधं." ९ ला परत तेच. १२ ला परत. तीन बदलांत लिटरला २ ग्रॅमचं ०.८ वर येतं, हे गणित त्यांनी कोपऱ्यात करून ठेवलं होतं. मी त्यांना ते सांगितलेलं नव्हतं.